शिडीवरचे देश

दरवर्षी २० मार्चच्या आगेमागे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये घोषित केलेल्या आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या सुमारास, जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो आणि त्यातील क्रमवारीची बातमी देशोदेशीची वर्तमानपत्रे छापतात. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला, अफगाणिस्तान तळाशी राहिला आणि भारताच्या वाट्याला ११८ वे स्थान आले. पॅलेस्टाइन १०८ वा, पाकिस्तान १०९ वा आणि युद्धाने होरपळलेला युक्रेन १११ वा, हे वाचून भारतातील वाचकाने यादी थट्टेवारी नेली तर त्यात नवल नाही. मात्र ही यादी नेमके काय मोजते हे पाहिल्याशिवाय केलेली थट्टा आणि त्याच यादीवरून केलेला आत्मधिक्कार, दोन्ही सारख्याच अपुऱ्या माहितीवर उभ्या असतात.

सर्वसाधारण समजूत अशी की, उत्पन्न, आरोग्य, भ्रष्टाचार इत्यादींची आकडेवारी एकत्र करून तज्ज्ञ मंडळी प्रत्येक देशाला गुण देतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. गुण देणारे त्या-त्या देशातील नागरिकच असतात, आणि तेही एकाच प्रश्नाच्या उत्तरातून. गॅलप ही संस्था २००५ पासून बहुतेक देशांत दरवर्षी साधारण हजार प्रौढांना विचारते की, तळाच्या शून्यापासून माथ्याच्या दहापर्यंत पायऱ्या असलेली एक शिडी मनात आणा. माथा म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वोत्तम आयुष्य आणि तळ म्हणजे सर्वात वाईट. तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? या उत्तरांची तीन वर्षांची सरासरी हाच देशाचा गुणांक होय. फिनलंडचा ७.७३६, भारताचा ४.३८९ आणि अफगाणिस्तानचा १.३६४ हे आकडे असे आले आहेत. तीन वर्षांची सरासरी घेतल्यामुळे एखाद्या देशावर अकस्मात कोसळलेले संकट क्रमवारीत सावकाश उतरते, आणि नमुना लहान असल्यामुळे यादीच्या मध्यभागी दहा-बारा स्थानांचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळदा निरर्थक असतो.

दरडोई उत्पन्न, अडचणीत धावून येणारे कोणी असणे, निरोगी आयुर्मान, आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक, दानशीलता आणि भ्रष्टाचाराविषयीची लोकांची धारणा हे सहा घटक अहवालात असतात खरे, पण ते गुणांक ठरवण्यासाठी नसून ठरलेल्या गुणांकाचे स्पष्टीकरण देण्यासाठी असतात. देशादेशांतील फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या सहांच्या आधारे उलगडतो, असे अहवालाचे संपादक सांगतात. उरलेला उलगडत नाही.

शिडीची कल्पना हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात भारतासह चौदा देशांतील लोकांना शिडी दाखवण्यापूर्वी त्यांच्या आशा आणि भीती सविस्तर विचारल्या गेल्या, जेणेकरून माथा कशाला म्हणायचे आणि तळ कशाला, हे ज्याचे त्याने ठरवावे. आजच्या पाहणीत हा पहिला भाग गळाला आहे. वेळ आणि खर्च पाहता ते अपरिहार्य असेल, पण त्यामुळे मूळ पद्धतीतील सर्वात बोलका भाग हरवला. त्या काळी भारताची सरासरी ३.७ आली होती, अमेरिकेची ६.६, नुकत्याच क्रांती झालेल्या क्यूबाची ६.४ आणि हुकूमशहा त्रुहियोच्या हत्येनंतरच्या अस्थैर्यात सापडलेल्या डोमिनिकन प्रजासत्ताकाची अवघी १.६. देश श्रीमंत आहे की गरीब एवढ्यावरच पायरी ठरत नाही, उद्याविषयी लोकांना काय वाटते हेही तिच्यात मिसळलेले असते, ही गोष्ट या चार आकड्यांतच दिसून येते.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन याने १९७४ मध्ये याच प्रकारच्या आकड्यांवरून एक कोडे मांडले, ते त्याच्या नावाने ओळखले जाते: एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतो, परंतु सगळा देश वर्षानुवर्षे श्रीमंत होत गेला तरी सरासरी सुख त्या प्रमाणात चढत नाही. माणूस आपली पायरी शेजाऱ्याची पायरी पाहून ठरवतो आणि मिळालेल्या गोष्टींची त्याला लवकर सवय होते, ही त्याची दोन मुख्य स्पष्टीकरणे. या कोड्याविषयी अर्थशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. तथापि भारताचा अलीकडचा इतिहास त्याची आठवण करून देणारा आहे, कारण २०१३ च्या अहवालात ४.७७२ असलेला भारताचा गुणांक २०१९ च्या अहवालात ४.०१५ पर्यंत घसरला आणि याच काळात दरडोई उत्पन्न मात्र वाढत होते. त्यानंतर तो आणखी खाली जाऊन पुन्हा चढू लागला आहे.

फिनलंडच्या पहिल्या क्रमांकाचे कौतुक करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. शिडीचा प्रश्न आयुष्याचा हिशेब मागतो, म्हणजे एकंदर कसे चालले आहे याचा शांतपणे केलेला अंदाज; काल तुम्ही खळखळून हसलात का, विश्रांती मिळाली का, तुम्हाला कोणी मानाने वागवले का, हे प्रश्न गॅलप वेगळे विचारते आणि तेथे फिनलंडऐवजी पराग्वे, पनामा, ग्वाटेमाला यांसारखे लॅटिन अमेरिकी देश वरच्या ओळीत दिसतात. त्यामुळे ‘जगातील सर्वात आनंदी देश’ हे वर्तमानपत्री बिरुद फिनलंडला तितकेसे शोभत नाही. कमी असमाधानी लोकांचा देश, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. याच देशात १९९० च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे तीसच्या आसपास होते. १९८६ पासून दहा वर्षे चाललेल्या राष्ट्रीय प्रतिबंध कार्यक्रमाने आणि नैराश्यावरील उपचारांच्या प्रसाराने ते उतरणीला लागले आणि आज निम्म्याहून कमी झाले आहे. बेकारी, आजारपण किंवा म्हातारपण आले तरी माणूस एका मर्यादेखाली कोसळणार नाही, अशी व्यवस्था असलेल्या समाजात अगदी खालच्या पायऱ्यांवर उभे असणारे थोडे असतात, आणि सरासरी वर नेण्याचे काम मूठभरांच्या हर्षापेक्षा हीच गोष्ट अधिक करते.

या व्यवस्थेला परस्परविश्वासाची जोड असते. २०२५ च्या अहवालाने हरवलेल्या पाकिटाचा प्रश्न पुढे आणला: तुमचे पाकीट हरवले तर ते परत मिळेल असे तुम्हाला वाटते का? ज्या देशांत लोकांना तसे वाटते तेथे समाधान जास्त आढळते. आणि गंमत अशी की, प्रत्यक्ष प्रयोगांत पाकिटे लोकांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक संख्येने परत येतात. रीडर्स डायजेस्ट मासिकाने २०१३ मध्ये सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटे मुद्दाम टाकून पाहिली, तेव्हा हेलसिंकीत अकरा परत आली आणि दुसरा क्रमांक नऊ पाकिटांसह मुंबईचा लागला. लिस्बनमध्ये एकच परत आले. बारा पाकिटांवरून शहराच्या प्रामाणिकपणाचा निर्वाळा देता येत नाही, हे उघड आहे. परंतु मुंबईकराला स्वतःला कोणी विचारले असते तर त्याने नवाचा आकडा सांगितला असता का, याची शंकाच वाटते.

भारताचे घटकनिहाय चित्रही अपेक्षेप्रमाणे नाही. आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याच्या मोकळिकीबाबत भारतीय बरेच समाधानी असल्याचे सांगतात, मात्र संकटात हमखास मदतीला येतील असे नातलग वा मित्र आहेत का, या प्रश्नाला हो म्हणणाऱ्यांचे प्रमाण भारतात पुष्कळ वर्षे साधारण साठ टक्क्यांच्या आसपास राहिले, तर फिनलंडमध्ये ते नव्वदीच्या पुढे असते. एकत्र कुटुंबाचा आणि गावकीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला हे रुचणारे नाही. एक शक्यता अशी की, जेथे दवाखान्याच्या खर्चापासून नोकरीच्या वशिल्यापर्यंत सगळा भार नातलगांवरच पडतो तेथे त्यांच्याकडून अपेक्षाही मोठी असते आणि अपेक्षाभंगही वारंवार होतो. ज्याला उसने मागण्याची पाळीच क्वचित येते त्याला हो म्हणणे सोपे जाते.

एका प्रश्नावर एवढा डोलारा उभा करण्याविरुद्धचे आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की, शिडीची प्रतिमा ऐकणाऱ्याच्या मनात सत्ता आणि संपत्तीचे विचार जागे करते आणि ती प्रतिमा वगळली की उत्तरांचा रोख नातेसंबंध, आरोग्य यांच्याकडे वळतो. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांना गॅलपच्याच अमेरिकेतील दैनंदिन पाहणीत आढळले की, शिडीच्या प्रश्नाआधी राजकारणाविषयीचे प्रश्न विचारले की लोक स्वतःला लक्षणीयरीत्या खालच्या पायरीवर ठेवतात. राजकारण्यांची नुसती आठवण माणसाच्या आयुष्याचे मोल उतरवू शकते, हा निष्कर्ष भारतीय वाचकाला पटण्यास फारसे पुरावे लागू नयेत.

जगाला या विषयाकडे वळवणारा देश भूतान. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात सकल राष्ट्रीय सुखाची कल्पना मांडली आणि भूताननेच मांडलेल्या ठरावातून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सर्व देशांना सुखाकडे लक्ष देण्याचे आवाहन केले. भूतान शिडीवर अवलंबून राहत नाही; मानसिक स्वास्थ्य, वेळेचा वापर, संस्कृती, निसर्ग, कारभार अशा नऊ क्षेत्रांतील तेहतीस निर्देशकांवरून त्याचा निर्देशांक बनतो आणि तो २०१० मधील ०.७४३ वरून २०२२ मध्ये ०.७८१ वर गेला. जागतिक यादीत मात्र तो २०१९ मध्ये ९५ वा होता, आणि निर्देशांक चढत असतानाच हजारो तरुण भूतानी शिक्षण व कामासाठी ऑस्ट्रेलियाची वाट धरत होते.

सरासरी पुष्कळ काही झाकते. २०२४ च्या अहवालात अमेरिका एकूण २३ वी होती. परंतु साठीपुढच्या अमेरिकनांचीच यादी केली तर ती १० वी आणि तिशीच्या आतल्यांची केली तर ६२ वी येत होती. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०११ पासून समाधान, आयुष्याची सार्थकता, कालचा आनंद आणि कालची चिंता असे चार प्रश्न मोठ्या सरकारी पाहणीत घातले आणि त्यामुळे तेथे स्थानिक प्रशासनाच्या हद्दीपर्यंत आकडे मिळतात. भारतात मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग स्थापन केला. पण एवढ्या मोठ्या देशासाठी गॅलपचा नमुना काही हजारांचाच असल्यामुळे नंदुरबार आणि पुणे यांची पायरी एकच आहे की वेगळी, हे जागतिक अहवालातून कळण्याची सोय नाही.