झडपेची शस्त्रक्रिया : अंदाजपत्रकात दोन आकडे कशासाठी?

हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही जे अंदाजपत्रक देतो त्यात खर्चाचे दोन आकडे असतात, आणि संमतिपत्रावर 'दुरुस्ती अथवा बदल' असे शब्द असतात. नातेवाइकांना याचे आश्चर्य वाटते, क्वचित संशयही येतो. तो स्वाभाविक आहे. म्हणून हा खुलासा.

रक्त पुढे जाऊ द्यावे, मागे फिरू देऊ नये, हे झडपेचे काम. दिवसातून सुमारे एक लाख वेळा. आपल्याकडे तरुण वयात झडप निकामी होण्याचे प्रमुख कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. साधारणतः ५ ते १५ या वयात जंतुसंसर्गाने घसा सुजतो, उपचार अपुरे राहतात आणि काही आठवड्यांनी सांधे धरतात. सांधे बरे होतात. मायट्रल झडप मात्र पुढे वर्षानुवर्षे जाड होत, आक्रसत जाते.

दुरुस्तीत शल्यविशारद चिकटलेल्या पाकळ्या सोडवितात, तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम धागे बसवितात, सैलावलेल्या घेराला कडे शिवतात. फ्रान्समधील डॉ. आलँ कार्पांतिए यांनी या तंत्राला शास्त्रशुद्ध रूप दिले. स्वतःची झडप राहिल्याने रक्त पातळ करणारी गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागत नाही. यांत्रिक झडप बसविल्यास ती गोळी व तिच्यासाठी वारंवार रक्ततपासणी अटळ ठरते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची भारतीय बनावटीची झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविली गेली. किंमत आवाक्यात आली, गोळी सुटली नाही. विवाहयोग्य मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच नाजूक, कारण ती गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप या गोळीपासून पुष्कळदा सुटका करते, परंतु तरुण शरीरात ती लवकर झिजते.

मग सर्वांचीच दुरुस्ती का नाही? ऱ्हुमॅटिक तापाने कडक झालेली झडप टाका धरीलच असे नाही, आणि दुरुस्त केलेल्या काहींना पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागते. सोनोग्राफीवर पुष्कळ कळते, अखेरचा निर्णय मात्र हृदय उघडल्यावरच होतो. दुरुस्तीनंतर हृदय पुन्हा सुरू करून अन्ननलिकेतून तपासणी करतात. गळती उरली असल्यास ते पुन्हा थांबवून झडप बदलावी लागते. दोन आकडे येतात ते येथून. बसविलेल्या झडपेचा क्रमांक असलेली चिठ्ठी केसपेपरला लावलेली असते; ती नातेवाइकांनी अवश्य पाहावी.

देणगीदारांना एक विनंती. 'एका झडपेसाठी' म्हणून दिलेली रक्कम कड्यासाठी वा रक्ततपासणीसाठी वापरताना आमचे हात बांधले जातात. देणगी 'झडप शस्त्रक्रिया व पुढील उपचार' या नावे द्यावी. आमच्या ताळेबंदात शस्त्रक्रियेचा एक दिवस दिसतो. तपासणीसाठी गावाहून येणाऱ्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज दिसत नाही.

शस्त्रक्रिया झाली तरी ऱ्हुमॅटिक तापाच्या रुग्णांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन, साधारणतः दर तीन आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवावयाचे असते.