खुनी कोण ते आवाजानं सांगू नये

पुस्तक हातात असलं की शंका आल्यावर चार पानं मागे जाता येतं. माळी खरंच म्हणाला होता का, की खिडकी उघडी होती? बघून घ्यायचं. ऑडिओबुक ऐकणाऱ्याची तशी सोय नसते. काही सेकंद मागे नेणारं बटण असतं, पण मेट्रोत एका हातानं दांडा धरलेला आणि पाठीवर लॅपटॉप असताना ते कोण शोधत बसणार? मी सुलतान बझारहून निघतो, परेड ग्राउंडला गाडी बदलतो आणि रायदुर्गला उतरतो. त्या वेळात कानात बहुतेक वेळा कुणाचा तरी खून झालेला असतो.

आमचा घरातलाच पाच जणांचा गट आहे. महिन्याला एक रहस्यकथा सगळ्यांनी ऐकायची आणि कथेला वेगळे, अभिवाचनाला वेगळे गुण द्यायचे. सुरुवातीला आवाज गोड आहे, भारदस्त आहे, असल्या कारणांवर गुण वाटले जायचे. मग माझ्या चौदा वर्षांच्या भाचीनं एका पुस्तकाचा खुनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला. कसा, असं विचारलं तर म्हणाली, "मामा, बाकी सगळ्यांचे आवाज साधे काढलेत, त्या एकट्याचाच मेहनत घेऊन काढलाय." तेव्हापासून आमची पहिली कसोटी ठरली : अभिवाचकाला शेवट माहीत असतो, तो त्याच्या आवाजाला माहीत असता कामा नये.

हे दिसतं तितकं सोपं नाही. रहस्यकथेत दुवा नेहमी फालतू वाक्यात लपवलेला असतो. चहाचे कप तीन होते, घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, असलं काहीतरी. कच्चा अभिवाचक "तीन" म्हणताना अर्धा श्वास थांबतो, की संपलं. पक्का अभिवाचक चहा ज्या वेगानं ओततो त्याच वेगानं कपही मोजतो.

या बाबतीत मला ह्यू फ्रेझर फार आवडतो. पॉयरोच्या इंग्रजी मालिकेत कॅप्टन हेस्टिंग्जचं काम करणारा हाच नट. अगाथा ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या त्यानं वाचल्या आहेत. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही 1926 ची कादंबरी गावातला डॉक्टर सांगतो. शेवट अर्थातच सांगणार नाही. पण एकदा ऐकून संपली की पुन्हा पहिल्यापासून लावा. शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा ऐकताना अभिवाचकानं आपल्याला कुठे फसवलं असं वाटतं का, की शब्दांनी जे लपवलं तेवढंच त्यानंही लपवलं? फ्रेझर या परीक्षेत उतरतो. मराठी पुस्तकांनाही मी आता हीच परीक्षा लावतो.

मराठीत एक जादा अडचण आहे, ती म्हणजे क्रियापद. इंग्रजीत फोनवरचा अनोळखी माणूस काहीही बोलला तरी तो बाई की पुरुष हे शब्दांवरून कळत नाही. मराठीत "मी आलोय" किंवा "मी आलेय" म्हटलं की निम्मे संशयित बाद. म्हणून हुशार लेखक त्याच्या तोंडी "काम झालंय" असलं वाक्य घालतो. पण कागदावर जमलेली ही युक्ती अभिवाचक तोंड उघडताच मोडू शकतो, कारण आवाज कुणाचा तरी काढावाच लागतो. यावर मी ऐकलेला सर्वांत चांगला तोडगा म्हणजे कुजबूज. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे आवाजाची पट्टीच नाहीशी होते आणि बाई-पुरुष ओळखणं अवघड होतं. लेखकाचं गुपित शाबूत राहतं.

बोलीबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती हैदराबादकर म्हणून आहे. आमच्यापैकी कित्येकांची मुळं नांदेड, परभणी, बीडकडची. 1956 पर्यंत तो भाग आणि हे शहर एकाच राज्यात होतं. एका पुस्तकात परभणीचा गडी होता. अभिवाचकानं त्याला थोडी साताऱ्याची, थोडी वऱ्हाडी आणि उरलेली तमाशातली अशी भाषा दिली. आत्यानं कानातून इअरफोन काढले. "कुठला रे हा? आमच्याकडं असं कुणी बोलत नाही," म्हणाली आणि पुढे ऐकलंच नाही. वाड्याचे मालक प्रमाण मराठीत बोलणार आणि गडी विनोदी हेल काढणार, म्हणजे गड्यावर ना धड संशय घेता येतो ना त्याची साक्ष खरी वाटते. रहस्यकथेत हा सरळ सरळ अन्याय आहे. बोली येत नसेल तर साध्या आवाजात वाचावं, आम्ही गुण कापत नाही.

भाचीच्या पिढीसाठी हा प्रश्न आणखी मोठा आहे. शाळेतल्या हिंदीमुळे तिला देवनागरी वाचता येते, पण मराठी कादंबरीचं पान तिला जड जातं. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांवर आजोबांची पिढी वाचायला शिकली, ही ऐकायला शिकते आहे. म्हणजे तिच्या कानावर जे मराठी पडेल तेच तिचं मराठी होणार. तिनं मध्यंतरी 'चोर' शब्दातला च 'चिठ्ठी'तल्यासारखा म्हटला, कारण यंत्रानं वाचलेलं एक पुस्तक ती आठवडाभर ऐकत होती. लिपीत दोन्ही च सारखेच दिसतात. 'चार' आणि 'चारा' यांतला फरक शब्द माहीत असणाऱ्यालाच कळतो. यंत्राला तो शिकवता येईल, माझं पोट अशाच कामांवर चालतं. पण आज तरी आमच्या गटात यंत्राच्या आवाजाला नापास केलं जातं. भाचीचं मत वेगळं आहे. ती म्हणते, यंत्राला शेवट माहीतच नसतो, म्हणजे पहिल्या कसोटीत तेच पहिलं येणार.

यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. या महिन्याचं पुस्तक निवडायची पाळी आत्याची आहे. नमुना ऐकताना ती सुरुवातीचं वर्णन सोडून देते आणि तिघं-चौघं एकत्र बोलतात अशी जागा शोधते. "म्हणाला, म्हणाली" न ऐकता कोण बोलतंय ते कळलं, तरच पुस्तक घेते. आतापर्यंत तिनं चार परत केली आहेत.