ड्राइव्ह बिघडला, की उतरंड?

शाळेतील संगणकावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चढवली जाते आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येते की सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह दिसेनासा झाला आहे. काल चालत होता, आज चालत नाही. तेव्हा ड्राइव्ह गेला, असा निष्कर्ष निघतो. मग तो भंगारात जातो आणि कपाटातील चकत्याही निरुपयोगी ठरतात. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे कार्यप्रणाली बदलण्याचे काम अनेक शाळांत निघाले आहे. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

या चकत्यांत काय असते, याचे एक उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्याच्या जवळचे आहे. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्यांच्या समग्र लेखनाची ९८ खंडांची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९९९ साली सीडीवर काढली. हे लेखन आज इंटरनेटवरही मिळते. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण, विद्यार्थ्यांचे प्रकल्प किंवा गावातील वृद्धांच्या मुलाखती ज्या चकतीवर आहेत, त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

मडक्यांची उतरंड

ड्राइव्ह ही एकच वस्तू आहे असे आपल्याला वाटते. खरे तर चकतीवरील मजकूर पडद्यावर येईपर्यंत अनेक थरांतून जातो. घरातील मडक्यांच्या उतरंडीसारखी ही रचना असते. सर्वांत खाली प्रत्यक्ष यंत्र: मोटर, भिंग आणि लेसर. त्यावर केबल व मदरबोर्डवरील नियंत्रक. त्यावर ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची भाषा कार्यप्रणालीला समजावून सांगणारा दुभाषा. त्याच्या वरखाली काही 'फिल्टर ड्रायव्हर' असतात. सीडी लिहिणारे सॉफ्टवेअर बसवले की ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक निरोपावर स्वतःची एक गाळणी लावते. त्यानंतर 'डी', 'ई' यांसारखे ड्राइव्हचे अक्षर आणि सर्वांत वर चकतीवरील कार्यक्रम.

कार्यप्रणाली बदलते तेव्हा मधली मडकी बदलतात. तळाच्या मडक्याला कोणी हात लावलेला नसतो. त्यामुळे संशय आधी मधल्या थरांवर घ्यावा. मात्र केवळ वेळ जुळली म्हणून तोही सिद्ध होत नाही. वर्ध्याचा उन्हाळा, कापसाची बारीक तूस आणि धूळ यांनी भिंग मळून ड्राइव्ह नेमका त्याच आठवड्यात बंद पडणे अशक्य नाही. तेव्हा प्रयोग करावा.

निर्णायक प्रयोग

बटण दाबल्यावर खण बाहेर येतो का, ते पाहावे. आला तर वीज पोहोचते एवढेच कळते. मग संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर ड्राइव्हचे नाव दिसते का, ते पाहावे. तेथे नाव नसेल, तर केबल सैल आहे, नियंत्रक बंद ठेवला आहे किंवा यंत्रच बिघडले आहे.

खरा निवाडा पुढच्या चाचणीत होतो. पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सने संगणक सुरू करावा आणि कारखान्यात छापलेली, ओरखडे नसलेली चकती घालावी. यंत्र तेच, केबल तीच, चकती तीच. फक्त कार्यप्रणाली वेगळी. चकती वाचली गेली तर ड्राइव्ह निर्दोष आहे.

आणखी एक खूण पाहावी. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. डीव्हीडी चालते आणि चांगली सीडी चालत नाही (किंवा उलट), तर दोष बहुधा लेसरचा किंवा भिंगाचा असतो.

मधली मडकी

ड्राइव्ह निर्दोष ठरला, तर विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्याच्या नावावर पिवळी खूण आहे का, ते पाहावे. तेथील १९ क्रमांकाचा संदेश नोंदवहीतील, म्हणजे रजिस्ट्रीतील, माहिती अपुरी किंवा खराब असल्याचे सांगतो. ३९ क्रमांकाचा संदेश ड्रायव्हर खराब किंवा गहाळ असल्याचे. प्रथम ड्राइव्हची नोंद तेथून काढून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज यंत्र नव्याने शोधते. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

भागले नाही तर कारण बहुधा गाळणीत असते. जुन्या सॉफ्टवेअरचा फिल्टर ड्रायव्हर नव्या कार्यप्रणालीत चालत नाही, पण रजिस्ट्रीत त्याचे नाव राहून जाते. त्याला हाक मारली जाते, उत्तर येत नाही आणि सगळा निरोपच अडतो. ही नावे 'अपरफिल्टर्स' व 'लोअरफिल्टर्स' या नोंदींत असतात. ज्या कप्प्यात 'क्लास'पुढे 'सीडीरोम' लिहिले आहे, तेथीलच या दोन नोंदी काढायच्या. इतर यंत्रांच्या कप्प्यांतही याच नावाच्या नोंदी असतात. त्यांना हात लावल्यास कीबोर्ड किंवा हार्डडिस्क बंद पडू शकते. म्हणून आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी आणि हे काम जाणकाराला सोबत घेऊनच करावे. नंतर सीडी लिहिणारे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागू शकते.

लिनक्सलाही हा अनुभव आहे. पूर्वी 'एचडीसी' अशा नावाने ओळखले जाणारे ड्राइव्ह २००७ च्या सुमारास नव्या कर्नेलमध्ये 'एसआर०' झाले आणि जुने नाव लिहून ठेवलेल्या व्यवस्था अडल्या. यंत्र होते तेथेच होते. पत्ता बदलला होता.

वरची मडकी

कधी ड्राइव्ह दिसतो, फायलींची यादीही येते, पण कार्यक्रम चालत नाही. १९९०च्या दशकातील अनेक शैक्षणिक सीडींवरील कार्यक्रम १६ बिटांचे आहेत आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालत नाहीत. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच आहे. चित्रपटाची डीव्हीडी चालत नसेल, तर विंडोज १० पासून मीडिया सेंटर वगळले गेले आहे, हे लक्षात घ्यावे. व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर पुरतो.

ड्राइव्ह चालू झाला की घरी लिहिलेल्या चकत्यांच्या प्रती प्रथम हार्डडिस्कवर घ्याव्यात. त्यांतील रंगद्रव्य ऊन व उष्णतेने विटते, आणि मग चांगला ड्राइव्हही त्या वाचू शकत नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून ही तपासणी प्रयोग म्हणून करून घेता येईल. रजिस्ट्रीचे काम मात्र शिक्षकांनी आपल्याकडे ठेवावे. वहीत चार रकाने आखावेत: कोणता थर, कोणती चाचणी, काय होईल असे वाटते आणि प्रत्यक्ष काय झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळावा. तिसरा रकाना चाचणीपूर्वी भरला आहे ना, एवढे शिक्षकांनी पाहावे.