जर्मनीत व्यवसाय प्रशिक्षण : आधी भाषा, मग करार, त्यानंतरच व्हिसा

नवी दिल्ली : मयूर विहारहून मेट्रोची निळी मार्गिका थेट बाराखंबा रोडला पोहोचवते. तेथून कस्तुरबा गांधी मार्गावरील मॅक्स म्युलर भवन पायी गाठता येते. जर्मन शिकू पाहणाऱ्यांत आता विद्यापीठाच्या प्रवेशार्थींसोबतच, व्यवसाय प्रशिक्षण घेऊन जर्मनीतच स्थिरावण्याचा विचार करणाऱ्या तरुणांचीही भर पडली आहे. मयूर विहारच्या मल्याळी शेजाराला ही वाट अपरिचित नाही. केरळच्या ‘नोर्का रूट्स’ने परिचारिकांना जर्मनीत पाठविण्यासाठी तेथील सरकारी यंत्रणेशी डिसेंबर २०२१ मध्येच करार केला होता. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी सामंजस्य करार करून दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि हा विषय मराठी घरांतही चर्चेचा झाला.

या चर्चेत दोन वेगळ्या वाटांची मात्र सर्रास गल्लत होते. महाराष्ट्राचा करार प्रामुख्याने आधीच कौशल्य असलेल्यांसाठी आहे. तेथे प्रश्न भारतीय प्रमाणपत्राच्या मान्यतेचा असतो. मार्च २०२४ पासून जर्मनीने ही मान्यता तेथे नोकरी करीत मिळविण्याची मुभा दिली. त्यासाठी किमान दोन वर्षांचे सरकारमान्य प्रशिक्षण आणि जर्मनची ए-२ पातळी लागते. म्हणून आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री किंवा फिटर येथे अर्ज करू शकतो. एका वर्षाचा वेल्डर या अटीतच अडतो.

दुसरी वाट ‘आउसबिल्डुंग’ची, म्हणजे पहिल्यापासून तेथेच शिकण्याची. दोन ते साडेतीन वर्षांच्या या प्रशिक्षणात आठवड्यातील तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यावसायिक शाळेत जातात. शुल्क भरण्याऐवजी येथे विद्यावेतन मिळते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन दरमहा ६८२ युरो होते. सार्वजनिक रुग्णालयांतील परिचर्या प्रशिक्षणात ते याच्या जवळपास दुप्पट असते. ही रक्कम भारतात मोठी वाटली, तरी जर्मन शहरात भाडे आणि जेवणखाण यांतच ती संपते. निर्वाहाला ती अपुरी ठरत असेल, तर उरलेल्या रकमेची तजवीज व्हिसाच्या वेळीच दाखवावी लागते. प्रशिक्षणाबरोबर आठवड्याला वीस तासांपर्यंत अन्य काम करण्याची परवानगी असते. पण दिवसभर कारखान्यात राबून रात्री शाळेचा अभ्यास करणाऱ्याला तेवढे त्राण उरेल, असे गृहीत धरू नये.

खरी कसोटी भाषेची आहे. या व्हिसासाठी साधारणपणे बी-१ पातळी अपेक्षित असते. गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार तिथवर पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. ‘तीन महिन्यांत जर्मन’ या जाहिरातीचा हिशेब येथेच चुकतो. शिवाय श्टुटगार्टच्या कार्यशाळेत कानी पडते ती श्वाबियन बोली. पुस्तकी मराठी शिकून आलेल्याला अस्सल वऱ्हाडीत सूचना मिळाव्यात, तसाच हा प्रकार.

घराची बचत पणाला लागते ती मध्यस्थापाशी. परदेशात नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. मात्र ‘शैक्षणिक सल्लागार’ म्हणवून घेणारे सहसा या चौकटीबाहेर राहतात आणि नेमका याचाच लाभ उठवला जातो. प्रशिक्षणाची ‘जागा’ विकत देऊ पाहणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : कंपनीचा करार कोठे आहे? जर्मन व्यवसाय प्रशिक्षण कायद्याच्या कलम १२ नुसार प्रशिक्षणाचा मोबदला प्रशिक्षणार्थीकडून घेण्याची अट निरर्थक ठरते. करारावर कंपनीचे नाव, व्यवसाय, कालावधी आणि विद्यावेतन स्पष्ट असावे. तो स्थानिक उद्योग मंडळाकडे किंवा हस्तव्यवसाय मंडळाकडे नोंदविला जाणार का, हेही पाहावे.

या कायद्याखालील प्रशिक्षणात एक ते चार महिन्यांचा परिवीक्षा काळ असतो आणि त्यात कोणताही पक्ष पूर्वसूचनेशिवाय करार मोडू शकतो. त्याचा अर्थ लगेच परतीचे विमान, असा होत नाही. प्रशिक्षणार्थीचा दोष नसेल, तर दुसरी जागा शोधण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. घरच्यांनी ही तरतूद आधीच ठाऊक करून घ्यावी. अशा वेळी मुलगा भयापोटी गप्प बसतो आणि मुदत सरून जाते.

प्रशिक्षण पूर्ण केल्यावर त्याच कौशल्याची नोकरी दोन वर्षे केली आणि निवृत्तिवेतन निधीत २४ महिने भरणा झाला, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तीन वर्षांचे प्रशिक्षण धरल्यास ही वाट सुमारे पाच वर्षांची होते. जर्मन नागरिकत्वासाठीही आता सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे वास्तव्य पुरते. जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते. भारत करीत नाही. त्यामुळे जर्मन पारपत्र घेणाऱ्याला भारतीय पारपत्र परत करावे लागते आणि मायदेशी येण्या-जाण्यासाठी ओसीआय कार्डाचा अर्ज करावा लागतो.