आरोग्य सेतू, लस आणि विश्वास



आजचा विषय आहे साथीच्या काळातला विश्वास. सरकार सांगतं, हे ॲप मोबाइलवर घ्या. सरकार सांगतं, ही लस टोचून घ्या. कुणी लगेच ऐकतो, कुणी नाइलाजाने ऐकतो, कुणी टाळतो. जो टाळतो त्याला अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. पण दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात २०२० ते २०२२ या काळात काय घडलं ते नीट पाहा. तिथे शंका घेणाऱ्यांत डॉक्टर होते, वकील होते, संगणकातले जाणकार होते. त्यांचे प्रश्न काय होते आणि त्यांना उत्तरं मिळाली का, हे आज समजून घेऊ.

ॲप नेमकं काय करत होतं?

आरोग्य सेतू आलं २ एप्रिल २०२० ला. पहिली टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरने, म्हणजे एनआयसीने, ते आणलं. कल्पना सोपी होती. तुमच्या फोनचं ब्लूटूथ चालू आहे, माझ्याही फोनचं चालू आहे. आपण जवळ आलो की दोन्ही फोन एकमेकांची सांकेतिक खूण नोंदवून ठेवतात. उद्या मला कोरोना झाल्याचं निघालं, तर त्या नोंदीवरून तुम्हाला सूचना जाते.

मात्र आपल्या ॲपमध्ये ब्लूटूथबरोबर जीपीएसही होतं, म्हणजे तुम्ही कुठे आहात तेही नोंदलं जात होतं. नोंदणी करताना नाव, फोन नंबर, वय, व्यवसाय हेही द्यावं लागे. जर्मनीने जून २०२० मध्ये आणलेल्या ॲपमध्ये ठिकाणाची नोंद नव्हती, नाव देण्याची गरज नव्हती. म्हणून इथल्या लोकांनी विचारलं: संपर्क शोधायला ब्लूटूथ पुरत असेल, तर माझा ठावठिकाणा कशाला हवा?

आता एक छोटं गणित करू. असं ॲप उपयोगी पडायला भेटणाऱ्या दोघांकडेही ते असावं लागतं. समजा, शंभरातल्या चाळीस जणांकडे ॲप आहे. मग भेटणाऱ्या दोघांकडेही ते असण्याची शक्यता किती? चाळीस टक्के नव्हे. चाळीसातले चाळीस टक्के, म्हणजे फक्त सोळा टक्के. मे २०२० च्या मध्यापर्यंत आरोग्य सेतू दहा कोटी लोकांनी घेतलं होतं. आकडा मोठा वाटतो, पण देशाच्या लोकसंख्येत तो सात-साडेसात टक्के होतो. देशभर सारखं वाटप धरलं, तर दोनशे भेटींतली जेमतेम एक भेट ॲपला दिसणार. शहरात प्रमाण जास्त असेल, तरी मुद्दा तोच राहतो. घरकाम करणाऱ्या ताईंकडे, सोसायटीच्या गेटवरच्या गार्डकडे बटणांचा साधा फोन असेल, तर त्यांच्या भेटी यात येतच नाहीत. त्यांच्यासाठी पुढे १९२१ हा फोन क्रमांक सुरू झाला. त्यावर लक्षणं सांगता येत होती, पण कोण कुणाच्या जवळ आलं होतं हे त्यातून कळणार नव्हतं.

म्हणजे असं साधन चालायचं तर खूप जणांनी ते घ्यायला हवं, आणि घेतल्यावर चालूही ठेवायला हवं. ब्लूटूथ बंद करायला एक बोट पुरतं.

नोएडाचा आदेश आणि १८९७ चा कायदा

१ मे २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना हे ॲप सक्तीचं केलं. त्याच आठवड्यात नोएडा पोलिसांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. बाहेर पडलात, स्मार्टफोन आहे आणि त्यात आरोग्य सेतू नाही, तर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली कारवाई. या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता.

हे कलम १८८ आपल्याला, मराठी माणसांना, वेगळ्या वाटेने ओळखीचं आहे. साथीच्या काळात सरकारला खास अधिकार देणारा साथरोग कायदा १८९७ चा. तो झाला मुंबई इलाख्यातल्या प्लेगमुळे, आणि आदेश मोडला तर कलम १८८ लागेल असं त्यातच लिहिलेलं आहे. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले, माणसं उचलून नेली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. पुढे २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत काय झालं, ते तुम्ही जाणता.

त्याच साली मुंबईत डॉक्टर हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग इतरांपुढे ठेवली. साथ तीच, साल तेच, पण लोकांपुढे जाण्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत हुकूम होता, दुसरीत सांगणाऱ्याने धोका आधी स्वतः पत्करला होता.

नोएडा म्हणजे पुणे नव्हे आणि पोलीस म्हणजे रँड नव्हेत, हे उघड आहे. पण सक्तीची एक अडचण दोन्हीकडे सारखी आहे. दंडाच्या भीतीने माणूस ॲप ठेवेल, पण त्यात ताप आल्याचं खरं लिहील का? नोंद केली तर आपल्याला उचलून नेतील, गल्ली बंद करतील, कामावर घेणार नाहीत, अशी धास्ती असेल तर तो 'लक्षणं नाहीत' असंच दाबेल. मग फोनमध्ये ॲप असूनही त्यातली माहिती खोटी.

प्रश्नांना उत्तरं मिळाली तेव्हा

या आदेशांवर दिल्लीतल्या वकिलांनी आणि डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी आक्षेप घेतले. सरकारने काही पावलं उचलली, ती नोंदवायलाच हवीत. ११ मे ला माहिती वापरण्याचे नियम जाहीर झाले आणि ती सर्वसाधारणपणे १८० दिवसांच्या वर ठेवायची नाही असं त्यात आलं. १७ मे च्या आदेशात सक्तीची भाषा जाऊन 'शक्य तितका प्रयत्न करावा' अशी भाषा आली. नोएडातही आदेश सौम्य झाला. २६ मे ला अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड खुला केला आणि चुका शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. ज्याला समजतं त्याने उघडून बघावं, हे विश्वासाचं पाऊल होतं.

पण ऑक्टोबर २०२० मध्ये एक विचित्र गोष्ट झाली. माहिती अधिकारात विचारलं गेलं की हे ॲप नेमकं कुणी तयार केलं. एनआयसीने सांगितलं, ही माहिती आमच्याकडे नाही. आणि ॲपच्या संकेतस्थळावर तर एनआयसीचंच नाव! दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाने त्यांना कारणे दाखवा नोटीस काढली. मग सरकारने खुलासा केला की उद्योग आणि शिक्षण क्षेत्रातल्या स्वयंसेवकांच्या मदतीने एनआयसीनेच हे ॲप बनवलं. यात लपवण्यासारखं काही नसेलही. पण कोट्यवधी लोकांच्या खिशातल्या वस्तूचा कर्ता कोण, हे सांगायला आयोगाची नोटीस लागावी, याने शंका वाढणारच.

सिंगापूरमध्येही असंच झालं. माहिती फक्त साथीसाठी वापरू, असं लोकांना सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये कळलं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती घेऊ शकतात. लोक चिडले आणि सरकारला हा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करणारा कायदा करावा लागला.

लस: आधी डॉक्टरांचा प्रश्न, मग रांगेचा

१६ जानेवारी २०२१ ला दिल्लीच्या एम्समध्ये एका सफाई कर्मचाऱ्याला पहिली लस दिली गेली आणि देशभर मोहीम सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्याच राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं: आम्हाला कोव्हॅक्सिन नको, कोव्हिशील्ड द्या. हे डॉक्टर लसीच्या विरोधात नव्हते, ते लसच मागत होते. कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे आलेले नव्हते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे १ मार्चला पंतप्रधानांनी एम्समध्ये कोव्हॅक्सिनच घेतली. दोनच दिवसांनी चाचणीचे अंतरिम आकडे आले आणि नोव्हेंबरमध्ये अंतिम निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: परिणामकारकता ७७.८ टक्के. लस चांगलीच निघाली. पण म्हणून जानेवारीतला प्रश्न चुकीचा ठरत नाही. तो पुराव्याचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पुराव्यानेच मिळालं.

मग एप्रिल-मेची भयंकर लाट आली आणि चित्र पालटलं. लस नको म्हणणारे मागे पडले, लस मिळेना म्हणणारे पुढे आले. १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविनवर आधी नोंदणी सक्तीची होती. वेळा उघडायच्या आणि मिनिटभरात संपायच्या. समजा, नागपूरचा एक मुलगा नोएडात नोकरीला आहे. आधार कार्डावर पत्ता नागपूरचा, आणि उत्तर प्रदेशने अट घातली की लस राज्याच्या रहिवाशांनाच. ती अट थोड्याच दिवसांत सैल झाली. पण ज्याच्याकडे चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजी आहे त्यालाच वेळ मिळणार, असं दिसलं की बाकीच्यांचा व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. लसीवर विश्वास असूनही!

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात नेमकं हेच विचारलं. फक्त डिजिटल नोंदणीवर लसीकरण चालवलं तर ज्यांच्याकडे साधनं नाहीत त्यांचं काय? तोवर सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायला मुभा मिळू लागली होती आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांना सरकारी केंद्रांवर केंद्राकडून मोफत लस मिळू लागली. २१ ऑक्टोबर २०२१ ला शंभर कोटी डोस पूर्ण झाले.

२ मे २०२२ चा निकालही लक्षात ठेवा. लस समितीवर पूर्वी काम केलेले दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. पण सरकारचं लसीकरणाचं धोरणही अवाजवी नाही. शिवाय चाचण्यांची माहिती लोकांपुढे ठेवा आणि दुष्परिणाम नोंदवायला लोकांसाठी खुली सोय करा, असंही बजावलं.

पुढच्या वेळी काय विचारायचं?

आरोग्य सेतूतली संपर्क शोधण्याची सोय नंतर बंद झाली आणि त्यातली माहिती पुसली, असं सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये टेलिग्रामवर लसीकरणासाठी दिलेली लोकांची खासगी माहिती दिसत असल्याच्या बातम्या आल्या. कोविन सुरक्षित आहे, असं आरोग्य मंत्रालयाने म्हटलं. पण ज्याने आपल्या आईचा नंबर आणि ओळखपत्र तिथे दिलं होतं, त्याला काळजी वाटलीच असणार.

साथ पुन्हा येईल, ॲपही येईल. तेव्हा आंधळेपणाने घेऊ नका आणि आंधळेपणाने नाकारूही नका. पाच गोष्टी विचारा. हे कुणी बनवलं? माझ्याकडून नेमकं काय घेतलं जातंय? ते कधी पुसणार? दुसऱ्या कामासाठी वापरलं तर जबाबदार कोण? आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी काय सोय आहे? लसीच्या बाबतीत आणखी दोन जोडा: चाचणीचे आकडे कुठे आहेत, आणि त्रास झाला तर नोंदवायचा कुठे?

उत्तर सरळ मिळालं तर पुढे व्हा, आणि शेजाऱ्यालाही समजावून सांगा. त्याला अडाणी म्हणू नका. त्याची शंका आधी ऐकून घ्या, कारण कदाचित तीच शंका एखाद्या डॉक्टरनेही घेतलेली असेल.