नीटच्या दोन वर्षांत काय धरायचं, काय सोडायचं

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या पुष्कळ घरांत एक ठराव होतो. पोरगं डॉक्टर होणार, तेव्हा दोन वर्षं बाकी सगळं बंद. क्रिकेट बंद, तबला बंद, लग्नकार्य बंद, जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्याला जाणंही बंद. मोकळ्या झालेल्या वेळात मग कॉलेज, क्लास, त्या क्लाससाठी आणखी एक शिकवणी आणि दोन टेस्ट सिरीज बसवल्या जातात. ठराव करणाऱ्यांच्या मनात माया असते आणि पदरमोडही तेच करतात. पण तो ज्या समजुतींवर उभा आहे त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि त्याचा भार सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर पडतो.

आधी परीक्षा नेमकं काय मागते ते पाहू. 2025 पासून नीटचा पेपर पुन्हा जुन्या पद्धतीचा झाला: 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. भौतिकशास्त्राचे 45 प्रश्न, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे. तरीही अनेकांचं वेळापत्रक तिन्ही विषयांना सारखंच वाटून दिलेलं असतं, किंवा भीतीपोटी निम्मा दिवस फिजिक्सच खातं. जो विषय कच्चा आहे त्याला जास्त वेळ द्यावा हे खरंच. पण जीवशास्त्र ‘नुसतं पाठांतर’ म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकललं, तर ज्या 360 गुणांची बेगमी सहज होऊ शकते तीच हातची जाते.

सगळ्यात हट्टी गैरसमज तासांचा आहे. ‘रोज चौदा-पंधरा तास बसल्याशिवाय नीट निघत नाही,’ असं आत्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे सांगतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं काम झोपेत चालतं, तेव्हा झोप कापून मिळवलेले तास दुसऱ्या दिवशी निम्मे वायाच जातात. कॉलेज, क्लास, जाणं-येणं, जेवण आणि झोप वजा केली की दिवसात स्वतःच्या अभ्यासाला चार-पाच तास उरतात. एवढे नीट वापरले तर पुरतात, असं माझं ठाम मत आहे.

नीट वापरायचे म्हणजे कसे? 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वारंवार वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. रंगीत पेनांनी रेघा मारत तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचणाऱ्या मुलाला आपला अभ्यास छान झाला असं का वाटतं, ते यावरून कळतं. त्याऐवजी पुस्तक मिटावं, कोऱ्या कागदावर मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची आकृती काढावी, नावं घालावीत आणि मग पुस्तक उघडून काय राहिलं ते पाहावं. अर्ध्या तासाचं काम, पण परीक्षेत तेवढंच कामाला येतं. टेस्ट सिरीजचंही तसंच. एकाच सिरीजचे पेपर घ्यावेत, पण प्रत्येक चूक वहीत उतरवून ती का झाली ते लिहावं. दोन सिरीजचे पेपर नुसते सोडवून गुण मोजण्यापेक्षा हे कितीतरी भारी. शिवाय पेपर दुपारी असतो. 2025 ची नीट 4 मे रोजी दुपारी दोन ते पाच या वेळेत झाली. सोलापुरातली मे महिन्यातली दुपार कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. रात्री दोनपर्यंत जागून दुपारी डुलक्या घेण्याची सवय लागलेलं मूल त्या तीन तासांत काय करणार?

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: ‘बारावीला काय, नुसतं पास व्हायचं.’ नीटच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरत नाहीत, हे खरं आहे. पण एमबीबीएसच्या पात्रतेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला किमान 50 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गाला 40 टक्के, आणि हे विषय व इंग्रजी यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. राज्य मंडळाच्या या तिन्ही विषयांत प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकांचे. कॉलेजला दोन वर्षं फक्त नावापुरतं जाणाऱ्या मुलाला जानेवारी-फेब्रुवारीत जर्नल पुरं करायला रात्री जागवाव्या लागतात. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना रंग नेमका कुठे पालटतो, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. 2025 मध्ये बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली आणि नीट 4 मेला. म्हणजे दीर्घोत्तरी लिखाणाचा सराव डिसेंबर-जानेवारीत उरकायचा आणि बोर्ड संपल्यावर सगळा जोर बहुपर्यायी प्रश्नांवर द्यायचा, अशी सोय वेळापत्रकातच आहे.

भार खरोखर कमी करायचा असेल तर अकरावीच्या प्रवेशावेळी करावा. गणित घेतल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही, असं अजूनही ऐकू येतं. नीटला गणित लागत नाही. बी. फार्मसीचा आणि कृषी अभ्यासक्रमांचा रस्ताही जीवशास्त्र गटाला खुला असतो. इंजिनीअरिंगचा पर्याय मनापासून हवा असेल तर गणित जरूर ठेवावं. नुसतं ‘असू दे’ म्हणून ठेवलेलं गणित मात्र रोजचा तास-दीड तास खातं. फिजिक्ससाठी लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, सदिश आणि कलनाची तोंडओळख एवढं वेगळं बसून शिकता येतं.

घरच्या कामाचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. सोलापूरच्या पूर्व भागात विडीकामगार आईची मुलगी अभ्यासाला बसते, तेव्हा शेजारी सूप असतं, भिजवलेली तेंदूची पानं असतात, कात्री असते. मोबदला हजार विड्यांच्या हिशेबाने ठरतो, त्यामुळे मुलीने थोडा वेळ हात लावला तरी आईला दिसेल एवढा फरक पडतो. कुठे शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट थांबत नाही. अशा मुलांना ‘तुझ्याकडून नीट होणार नाही, वेळच कुठाय’ म्हणणं अन्याय आहे आणि चूकही. वरचे चार-पाच तास दोन-तीन तुकड्यांत मिळाले तरी चालतात. फक्त ते ठरलेले हवेत. पहाटेचे दोन तास कोणी हाक मारायची नाही, एवढं घराने पाळलं तर संध्याकाळी अर्धा तास विड्यांना दोरा बांधून काही बिघडत नाही. घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका गाठावी. मदतही आहे. विडीकामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाचं शैक्षणिक अर्थसाहाय्य आहे, त्याचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना महाज्योती ही राज्य शासनाची संस्था नीटचं मोफत प्रशिक्षण देत आली आहे. आणि हे स्वप्न फार दूरचंही नाही: सोलापूरजवळच्या कुंभारीत तर विडीकामगार बायकांची मोठी वसाहत आणि अश्विनी वैद्यकीय महाविद्यालय एकाच गावच्या शिवारात आहेत.

‘लातूरला गेल्याशिवाय होत नाही’ ही समजूतही अर्धीच खरी. लातूर पॅटर्नचं बळ सततच्या चाचण्यांत आणि शिस्तीत आहे, आणि ते मानलंच पाहिजे. पण पेपर तोच, एनसीईआरटीची पुस्तकं तीच, आणि चाचण्या इथेही देता येतात. होस्टेलवरच्या मुलाचा वेळही आपोआप वाचत नाही: कपडे, मेस, आजारपण, घरची आठवण यांत तो जातोच. जायचं असेल तर मुलाच्या मनाने जावं.

अमेरिकेतला मामा फोनवर म्हणतो, हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवा कर, प्रमाणपत्रं जमव. तिथे ते बरोबर आहे. तिथे आधी पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, आणि अर्जात पंधरापर्यंत अनुभव व उपक्रम मांडायची सोय असते. इथे एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीसाठी प्रमाणपत्रांचा एकही गुण नाही. पण म्हणून खेळ आणि तबला निरुपयोगी ठरत नाहीत. रोज अर्धा-पाऊण तास मैदानावर घाम गाळणारं मूल ताजं राहतं. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाचा मान ज्या घरी आहे त्या घरच्या मुलाने सराव आणि यात्रेचे दिवस वेळापत्रकात आधीच मोकळे ठेवावेत. बाकीच्यांनी एक संध्याकाळ गड्ड्याला जाऊन यावं. मात्र सहा उपक्रम एकदम चालवता येत नाहीत. एक ठेवावा, तोही आवडीचा.

पहिल्याच वेळी निघालं पाहिजे, नाहीतर संपलं, हाही एक धाक. नीटला आज प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण असावीत एवढंच. रिपीट करायचं की नाही हा विचार निकालानंतर शांतपणे करता येतो. तो धाक अकरावीपासून डोक्यावर टांगू नये.

आता ज्याकडे जवळजवळ कोणाचं लक्ष नसतं ते. कागदपत्रं निकालानंतर काढू, असं घरोघरी म्हणतात. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. त्याचा अर्ज विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करता येतो. डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं की नाही, हे सगळं अकरावीच्या उन्हाळी सुट्टीतच पाहून घ्यावं. सेतू कार्यालयाच्या चकरा वडिलांनी, काकांनी किंवा मोठ्या बहिणीने माराव्यात. जिथे सहीला मुलाचीच गरज आहे तेवढ्यापुरतं त्याला न्यावं, आणि तेही चाचणीचा दिवस सोडून.