लाल ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही?

मागच्या रविवारी मोहन्याला घरी होतो. मामा आले होते. त्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. चहा पिता पिता म्हणाले, "तू लेझरवरच काम करतोस ना? मग सांग, पिस्तुलाला लेझर लावून घेऊ का?" मी पटकन म्हणालो, "लावा की!" आणि रात्री झोप लागेना. एकही आकडा न तपासता मी उत्तर दिलं होतं, तेही ज्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि भिंतीपलीकडे शेजारी राहतात, त्या घराबद्दल.

संशोधनाची तयारी करताय ना, मग हे उदाहरण माझ्यासोबत सोडवून बघा. "फायदे जास्त की तोटे?" हा प्रश्न असाच्या असा मोजता येत नाही. आधी त्याचे तुकडे करावे लागतात.

तुकडा पहिला: ठिपका दिसतो का? समजा ५ मिलिवॅटचा, ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आहे आणि भिंतीवरचा ठिपका १ सेंटिमीटर व्यासाचा आहे. हिशोब केला तर ठिपक्यावर साधारण ४,६०० लक्स प्रकाश पडतो. रात्री घरात १००-२०० लक्स असतात, म्हणजे तिथे ठिपका ठसठशीत दिसणार. भर उन्हात मात्र १ लाख लक्स! तिथे तो हरवतो. त्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर डोळ्याला सुमारे आठपट उजळ वाटतो, तरी उन्हाच्या मागेच राहतो.

तुकडा दुसरा: गोळी ठिपक्यावरच जाते का? लेझर नळीच्या ४ सेंटिमीटर खाली आहे आणि १० मीटरवर जुळवलेला आहे असं धरा. गोळीचा वेग सेकंदाला ३५० मीटर. मग ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे २ सेंटिमीटर वर लागते, २० मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटर खाली. हा तोटा सगळे आधी सांगतात, पण घरातल्या अंतरावर तो किरकोळ आहे. आता हात अर्धा अंश हलला तर? १० मीटरवर जवळजवळ ९ सेंटिमीटरची चूक! म्हणजे खरी चूक हाताची आणि ट्रिगर ओढण्याची. लेझर ती दाखवतो, दुरुस्त करत नाही. म्हणून सरावात तो चांगला शिक्षक ठरतो. साधं माशी-खाच जुळवायला वेळ किंवा उजेड नसेल, तेव्हाही त्याचा उपयोग होतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं ते साध्या उघड्या साइटवर. त्या स्पर्धांच्या नियमांत लेझरला परवानगीच नाही. अर्थात, स्पर्धेतला निष्कर्ष घाबरलेल्या माणसाला सरसकट लावू नका. परिस्थिती बदलली की निष्कर्षही पुन्हा तपासावा लागतो.

तुकडा तिसरा: जे आपण मोजलंच नाही. ठिपका "कुठे" ते सांगतो, "कोण" ते सांगत नाही. अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा, हे ओळखायला टॉर्च लागते. शिवाय बॅटरी संपते, धक्क्याने जुळवणी सरकते, माणूस ठिपका शोधत बसतो. कपाटाच्या आरशावरून परतलेला किरण घरातल्याच कुणाच्या डोळ्यात जाऊ शकतो. ५ मिलिवॅट डोळ्यासाठी निरुपद्रवी नाही.

बघा, पहिल्या दोन तुकड्यांची उत्तरं आकड्यांत मिळाली म्हणून तेच महत्त्वाचे वाटतात. निर्णय मात्र तिसऱ्यावर ठरतो. संशोधनात हा सापळा रोज भेटतो: जे सहज मोजता येतं तेच आपण मोजत बसतो.

सोमवारी सकाळी मामांना फोन केला. "मामा, कालचं उत्तर मागे घेतो. लेझर सरावापुरता ठीक आहे. आधी चांगली टॉर्च घ्या, रेंजवर नियमित जा, आणि पिस्तूल कुलपात ठेवा."

मामा हसले. "म्हणजे काल उगाच बोललास?"

"हो," म्हणालो. चुकलेलं उत्तर मागे घेता येणं, हेही संशोधनाच्या तयारीतच येतं.